नाव माहीत नसलेली फळं

हातात भाला घेऊन तळ्याच्या उथळ पाण्यात एक तेरा वर्षांचा मुलगा उभा आहे. मासे अगदी समोर आहेत, हात लांबवला तर लागतील इतके जवळ. पण भाला मारला की मासा तिथे नसतो. भाल्याला वेग नाही म्हणून तो धनुष्य तयार करतो, तर बाणही चुकतो. पोटात भूक आहे, अन्न डोळ्यांसमोर पोहतं आहे आणि नेम मात्र लागत नाही. मग केव्हातरी बाणाचं टोक पाण्यात असताना त्याला तो बाण मधेच मोडल्यासारखा दिसतो आणि कधीकाळी शिकलेली गोष्ट आठवते: पाण्यात शिरताना आणि पाण्यातून निघताना प्रकाश वाकतो. मासा दिसतो तिथे नसतोच, त्याच्या जरा खाली असतो. तो नेम खाली धरतो आणि जेवतो. गॅरी पॉलसन या अमेरिकन लेखकाच्या १९८७ साली आलेल्या ‘हॅचेट’ या कादंबरीतला हा प्रसंग. लहान विमानाच्या वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान कॅनडातल्या एका तळ्यात कोसळतं आणि ब्रायन नावाचा शहरी मुलगा आईने दिलेल्या एका छोट्या कुऱ्हाडीच्या आधारावर ५४ दिवस काढतो, एवढीच गोष्ट. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ असा एक धडा आहे. वाकलेल्या किरणाची आकृती मुलं काढतात, व्याख्या पाठ करतात, आणि परीक्षा संपली की अपवर्तन कोणतं नि परावर्तन कोणतं, हे बहुतेकांच्या डोक्यातून पहिल्या पावसात वाहून जातं. ब्रायन तो शब्द आता जन्मात विसरणार नाही. त्याची गोष्ट वाचणारं मूलही तो सहजासहजी विसरेल असं वाटत नाही.

‘हॅचेट’ अमेरिकेतल्या शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर वाचून घेतली जाते. अशा गोष्टींमधून मुलांची शब्दसंपत्ती वाढते, असं शिक्षक सांगतात आणि त्याचं कारण विचारलं की ‘थरार’ हा शब्द पुढे करतात. हे कारण मला अपुरं वाटतं. थरार भुताच्या गोष्टीत असतो, खुनाच्या रहस्यात असतो, पाठलागात तर असतोच. पण एखादी रहस्यकथा एका बैठकीत संपवल्यावर त्यातले नवे शब्द आठवायला बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही. रानात एकट्या सापडलेल्या माणसाच्या गोष्टीत वेगळं काहीतरी घडतं. तिथे जवळपास प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारला जातो: हे खाता येईल का? हे पेटेल का? याने काही बांधता येईल का, याच्या आडोशाला झोपता येईल का? दिवाणखान्यातल्या कादंबरीत भिंतीवरच्या तसबिरीचं किंवा कोपऱ्यातल्या तिवईचं नाव कळलं नाही तरी कुणाचं काही अडत नाही. रानातल्या गोष्टीत नाव कळलं नाही तर पुढचं पाऊल कळत नाही. थोडक्यात, तिथे शब्दाला काम असतं, आणि माझं म्हणणं असं की शब्द टिकतो तो या कामामुळे. वाघ, वादळ, बर्फ ही त्या कामाची निमित्तं.

‘हॅचेट’मधलीच आग पाहा. रात्री गुहेसारख्या आडोशात एक साळिंदर शिरतं, त्याचे काटे ब्रायनच्या पायात घुसतात, अंधारात तो कुऱ्हाड भिरकावतो आणि ती दगडी भिंतीवर आदळून ठिणग्या उडतात. सकाळी त्याच्या लक्षात येतं की हीच आपली काडेपेटी. पण ठिणगी म्हणजे आग नव्हे, हे शिकायला त्याला बराच वेळ लागतो. वाळलं गवत पेटत नाही, बारीक काटक्या पेटत नाहीत, खिशातली २० डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे ठेवले तरी ठिणगी त्यांच्यावर पडून विझते. अखेर बर्च झाडाच्या सालीचे केसासारखे बारीक धागे सोलून त्यांचं घरटं केल्यावर ठिणगी धरते, लालसर होते आणि तरीही विझते. कारण हवा कमी पडते. मग फुंकर. या तीन-चार पानांत इंग्रजी वाचणाऱ्या मुलापुढे आगीचं सगळं गणगोत येऊन जातं: आधी ठिणगी, मग ती झेलणारा भुसभुशीत पदार्थ, ज्याला इंग्रजीत टिंडर म्हणतात, मग काटक्या, म्हणजे किंडलिंग, मग मोठी लाकडं आणि शेवटी निखारे. टिंडर आणि किंडलिंग यांतला फरक शब्दकोशात वाचला तर दोन मिनिटं टिकेल. इथे तो क्रमात बसलेला आहे. एक पायरी गाळली तर रात्र थंडीत काढावी लागते. आपल्याकडे चूल पेटवणाऱ्या घरांत चिपाडं, काटक्या, सरपण, गोवऱ्या, विस्तव, इंगळ, कोलीत, फुंकणी हे शब्द कुणी पाठ केले नव्हते. ज्या क्रमाने चूल पेटायची त्या क्रमाने ते यायचे. गॅस आला आणि त्यांचं काम गेलं. शब्दही मग एकेक करून गेले. थॉमस टिंकहॅम या संशोधकाने १९९३ आणि १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांशी हे जुळतं. एकाच जातीच्या वस्तूंची नवी नावं, समजा निरनिराळ्या कपड्यांची, एकत्र शिकवली तर ती एकमेकांत मिसळतात. उलट बेडूक, तळं, उडी, हिरवा अशी एका दृश्यात शोभणारी नावं एकत्र शिकवली तर ती लवकर पक्की होतात. पाठ्यपुस्तकांतले ‘फळांची नावे’, ‘पक्ष्यांची नावे’ हे रकाने बरोबर उलट्या पद्धतीचे असतात, हे जाता जाता.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २००७ सालचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स नेर्न आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लोकांना एक कल्पना करायला सांगितली: तुम्ही परदेशातल्या एका गवताळ प्रदेशात अडकला आहात, जवळ काहीच साधनं नाहीत, पुढचे काही महिने अन्नपाणी मिळवायचं आहे आणि हिंस्र प्राण्यांपासून वाचायचं आहे. मग एकेक शब्द दाखवून विचारलं, ही वस्तू या परिस्थितीत कितपत उपयोगी पडेल? दुसऱ्या लोकांना तेच शब्द दाखवून परदेशी बिऱ्हाड हलवण्याच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला, आणखी काहींना तो शब्द किती सुखद वाटतो एवढंच विचारलं. नंतर कुणालाही आधी कल्पना न देता सगळ्यांना आठवतील ते शब्द सांगायला लावले. जीव वाचवण्याच्या चष्म्यातून शब्द पाहिलेल्यांना जास्त शब्द आठवले. पुढे इतर प्रयोगशाळांतही हा परिणाम पुन्हा पुन्हा दिसला. आपली स्मृती मुळात जगण्यासाठी घडली आहे, आफ्रिकेतल्या गवताळ रानांत तिचा साचा तयार झाला, असं नेर्न यांचं स्पष्टीकरण होतं.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून उपयोग नाही. त्या प्रयोगातले शब्द लोकांना आधीच माहीत होते. ओळखीचा शब्द यादीतून आठवणं वेगळं आणि अनोळखी शब्द नव्याने शिकणं वेगळं. म्हणून ‘रानातल्या गोष्टींनी शब्द शिकता येतात हे विज्ञानाने सिद्ध केलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवायला हवं. शिवाय नेर्न यांचं गवताळ रानाचं स्पष्टीकरणही सगळ्यांनी मान्य केलं नाही. २०११ साली सॉडरस्ट्रॉम आणि मॅकेब या दोघांनी हिंस्र श्वापदांच्या जागी चक्क झोंबी, म्हणजे चालती प्रेतं, आणून पाहिली. आपल्या पूर्वजांना काही झोंबी भेटले नव्हते, तरी झोंबींच्या प्रसंगात लोकांना शब्द आणखी चांगले आठवले. त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी जे स्पष्टीकरण मांडलं ते मला अधिक पटतं: जीव धोक्यात आहे असं मानलं की माणूस एका वस्तूचे अनेक उपयोग मनात करून पाहतो. दोरी म्हणजे बांधणं, लटकणं, सापळा लावणं, मासे धरणं. जितके उपयोग तितके धागे, आणि आठवताना यांतला कुठलाही एक धागा ओढला तरी शब्द हाती येतो. हे खरं असेल तर भीतीचं महत्त्व कमी होतं आणि कामाचं वाढतं. नव्या शब्दांनाही हेच लागू पडावं असं मानायला आधार आहे. दुसरी भाषा शिकणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या लॉफर आणि हुल्स्टाइन यांनी २००१ साली सुचवलं की नवा शब्द किती मुरतो हे तीन गोष्टींवर ठरतं: त्याची गरज वाटली का, तो शोधावा लागला का, आणि तो इथे बसतो की नाही हे तपासावं लागलं का. ब्रायन दिवसभर दुसरं करतो तरी काय?

मात्र काम असूनही शब्द एकदाच येऊन गेला तर भागत नाही. १९७८ सालचा एक प्रयोग यासाठी आठवण्यासारखा आहे. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९६२ सालच्या कादंबरीतली टोळकी एक बनावट बोली बोलतात. तिचे पुष्कळसे शब्द रशियनवरून घेतलेले आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांना ही कादंबरी वाचायला दिली आणि नंतर, पूर्वसूचना न देता, त्यातल्या ९० शब्दांची परीक्षा घेतली. सरासरी तीन चतुर्थांश शब्दांचे अर्थ वाचकांनी बरोबर ओळखले. शब्दकोश नाही, शिक्षक नाही. गुपित असं की ते शब्द कादंबरीत पुन्हा पुन्हा येतात. याच्या शेजारी १९९९ साली स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष ठेवला की फरक डोळ्यांत भरतो: सर्वसाधारण मजकूर वाचताना मुलं भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सुमारे १५ टक्के शिकतात. रानातल्या गोष्टींना इथे एक नैसर्गिक फायदा मिळतो. पात्रं थोडी, जागा एक, वस्तू मोजक्या आणि दिवस मात्र रोज नवा. त्यामुळे तेच तळं, तोच आडोसा, तीच आग, तीच कुऱ्हाड पानोपानी परत येते. पॉलसन तर वाक्यंसुद्धा मुद्दाम घोटत राहतात. काही समीक्षकी कानांना ते खटकेल; शिकणाऱ्याला ते वरदान आहे.

संदर्भावरून अर्थ लावणं बेभरवशाचं असतं, हा आक्षेप जुना आहे आणि योग्यही आहे. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिलं की सगळे संदर्भ सारखे नसतात. काही अर्थाकडे नेतात, काही मोघम सोडून देतात आणि काही सरळ चुकीच्या वाटेला लावतात. जॅक लंडनच्या ‘टू बिल्ड अ फायर’ या १९०८ सालच्या कथेत युकॉनच्या बर्फात एकटा निघालेला माणूस ‘चेचाको’ आहे असं म्हटलं आहे, आणि त्याला लागूनच सांगितलं आहे की तो या मुलखात नवखा होता. वायव्य अमेरिकेतल्या व्यापारी बोलीतला हा शब्द इंग्रजी वाचकालाही अनोळखी. पण अर्थ वाक्यातच हातात दिला आहे, आणि पुढची सगळी कथा म्हणजे नवखेपण कसं जिवावर बेततं याचंच उदाहरण. म्हातारे अनुभवी लोक काय सांगत होते हे त्याने ऐकलं नाही, बर्फाने लदलेल्या झाडाखाली आग पेटवली आणि फांद्यांवरचा बर्फ आगीवर कोसळला. हा झाला भरवशाचा संदर्भ. सगळेच लेखक इतके उदार नसतात. म्हणून मोठ्या माणसाने मधे एक वाक्य बोलण्याची सोय हवीच. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांनी वर्गात गोष्टी नुसत्या वाचून दाखवल्या तेव्हा मुलांनी सुमारे १५ टक्के नवे शब्द उचलले. वाचता वाचता शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला तेव्हा हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत गेलं. गोष्ट थांबवून व्याख्यान द्यायचं नाही, कानात सांगावं तसं सांगायचं आणि पुढे जायचं. आपल्या आज्या हेच करत असत.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो: गोष्ट इतकी रंगली तर वाचणारा शब्दाजवळ थांबेल कशाला? अस्वल मागे लागलेलं असताना झुडपाचं नाव कोण बघतो? हे खरंच आहे. रंगलेला वाचक पुष्कळ शब्द ओलांडून जातो. पण ओलांडता येतात ते शब्द बिनकामाचे; ज्याच्यावर पुढची चाल अवलंबून आहे तो शब्द ओलांडला तर वाचकाची गोष्ट तिथेच अडते आणि तो मागे येतो. त्यामुळे पुस्तकातल्या प्रत्येक कठीण शब्दाखाली रेघ मारून वहीत उतरवून घेण्याची जी शाळकरी रीत आहे ती मला निरर्थक वाटते. दहा शब्द, ज्यांच्यावाचून प्रसंग समजत नाही, तेवढे पुरे. अट एकच: मजकुराची पातळी. हू आणि नेशन यांनी २००० साली असं मांडलं की आनंदाने, कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एखादाच अनोळखी. मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाच्या हातात मूळ ‘रॉबिन्सन क्रूसो’ ठेवणं म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी भरतीच्या समुद्रात ढकलणं. १७१९ सालची ती भाषा आजच्या इंग्रजांनाही जड जाते. ढाक्याला शिक्षणखात्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात हे ओळखलं होतं. बंगाली मुलांसाठी त्यांनी जी इंग्रजी वाचनमाला बांधली तिच्यात दुर्मीळ शब्द काढून टाकले, नवे शब्द विरळ केले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा आणला. शंभर वर्षं झाली तरी यापेक्षा फार वेगळं कुणी सुचवलेलं नाही.

मुंबई-पुण्याच्या पालकांचा आक्षेप मात्र निराळा असतो. टिंडर, साळिंदर, बर्चची साल यांचं आमच्या मुलाला काय करायचंय? त्याला नोकरीच्या मुलाखतीत लागतील असे शब्द हवेत. यावर एक उत्तर असं की रानातल्या गोष्टीत फक्त रानातलेच शब्द नसतात. सोडून देणं, चाचरणं, अंदाज घेणं, तग धरणं, टंचाई, थकवा, सावधपणा, चुकीची कबुली या सगळ्यांसाठी लागणारे इंग्रजी शब्द त्यांत ठासून भरलेले असतात आणि ते कचेरीत रोज लागतात. दुसरं उत्तर आपल्याच भाषेत पडलेलं आहे. मराठी वर्तमानपत्राचं राजकारणाचं पान उघडा: कुणी सरकारविरुद्ध रान उठवलेलं असतं, कुणी सावज हेरलेलं असतं, कुणी दबा धरून बसलेलं असतं, कुणाचा मागमूस लागत नाही, कुणी आडरानात शिरलेलं असतं आणि मतदारांना चकवा लागलेला असतो. हे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी शिकारीचा हाका पाहिला असेल? शब्द रानातून निघून कधीच गावात राहायला आले आहेत. ज्याला चकवा म्हणजे रानात फिरून फिरून त्याच जागी येणं हे माहीत आहे, त्याच्या लेखणीत तो शब्द अधिक नेमका बसतो, इतकंच.

नावाचा आणि जगण्याचा संबंध गोष्टीपुरताच आहे असंही नाही. १ मे २०२३ रोजी कोलंबियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं. तिन्ही मोठी माणसं गेली. चार आदिवासी भावंडं वाचली. थोरली १३ वर्षांची, धाकटं मूल तर वर्षाचंही नव्हतं. ४० दिवसांनी ती जिवंत सापडली. विमानातलं कसाव्याचं पीठ पुरलं तोवर त्यांनी ते खाल्लं आणि नंतर रानातल्या फळांवर आणि बियांवर निभावलं, कारण कुठलं फळ खायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे त्या मुलीला घरच्या मोठ्यांकडून मिळालेलं होतं. त्या ज्ञानाला वेगळं पुस्तक नव्हतं. ते झाडांच्या नावांत साठवलेलं होतं. आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची नोकरी करताना नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत हेच पाहिलं आणि तिथल्या लोकांकडून शब्द वेचले. जिथे मराठीत शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला. बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’. एसटीचं आगार ज्याला ठाऊक आहे त्याला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या वनाधिकाऱ्याकडे गेलं, तेव्हा मराठीला तिच्या हरवत चाललेल्या एका कोठाराची थोडीफार आठवण झाली असावी.

ब्रायनकडे अशी कुणाची शिदोरी नव्हती. म्हणून तो स्वतःच बारशी करत सुटतो. जी फळं खाऊन पोट पिळवटून निघालं त्यांना तो सरळ पोटदुख्या चेरी म्हणतो. पायाखाली येईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम फडफडत उडून छातीत धस्स करतो त्या पक्ष्याला तो ‘फूलबर्ड’ म्हणतो, म्हणजे खुळं पाखरू. मराठीत लिहिलं की उगाच फुलासारखं दिसतं. हे नाव ठेवणं पोरकट वाटेल, पण आपल्या भाषेतली पक्ष्यांची नावं आठवून पाहा: खोडावर टोच्या मारणारा तो सुतार, पानं शिवून घर करणारा शिंपी, पाण्याकाठी शेपटी आपटत फिरणारा धोबी, पेरणीच्या दिवसांत ओरडणारा पावशा. प्रत्येकाचं काम किंवा वेळ पाहून कुणीतरी नाव दिलं आणि ते रुळलं. कादंबरीच्या शेवटी ब्रायन घरी परततो आणि रानात भेटलेल्या गोष्टींची खरी नावं शोधून काढतो. पोटदुख्या चेरींचं नाव चोकचेरी. त्यांचा मुरंबा उत्तम होतो म्हणे. ज्या झुडपांत ते पक्षी लपायचे ती हेझलनटची. आणि त्या खुळ्या पाखराचं नाव पुस्तकांत रफ्ड ग्राउज असं दिलेलं होतं. पण त्याच रानांत सापळे लावून पोट भरणारे लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या खुळी कोंबडीच म्हणत आले होते.